कोरड्या विहिरीतला आवाज

आमच्या गोंधळ्यांच्या घरात लग्नसराईआधी गळा विहिरीत पारखायची रीत होती. गाणाऱ्यानं पायऱ्या उतरून पाण्यापाशी बसायचं, संबळ वाजवणाऱ्यानं त्याच्या शेजारी, आणि वडिलांनी काठावर उभं राहून ऐकायचं. वडिलांचे दात पडल्यापासून गाणारा एकच, माझा थोरला भाऊ; संबळ माझ्याकडे. शेवगावापासून काष्टीपर्यंतचे लोक त्याच्या गळ्यासाठी सुपारी द्यायचे. बाकी आम्ही सगळी त्या गळ्यावर वाढलेली बांडगुळं.

बहात्तरच्या दुष्काळात सुपाऱ्या आटल्या आणि आम्ही दोघं भाऊ सरकारी कामावर खडी फोडायला गेलो. दिवसभर दोघांच्याही नाकातोंडात धूळ. दादा तोंडाला फडकं बांधायचा, पण उकाड्यानं जीव घाबरला की काढून टाकायचा. थोड्याच दिवसांत तो खोकायला लागला. आई हळद-गूळ द्यायची आणि कुणाकडे न बघता चूल फुंकत बसायची. मला त्या खोकल्याची भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी चिडतो. "बास कर की आता," म्हणून मी त्याच्यावर खेकसायचो, जसा काही तो हौसेनं खोकत होता.

अशात एक सुपारी आली. वडिलांनी रीत सोडली नाही. विहिरीत पाण्याचा टिपूस नव्हता. तळाच्या भेगाळलेल्या गाळावर आम्ही बसलो आणि दादानं गायला सुरुवात केली. रिकाम्या विहिरीत आवाज असा घुमला की वर वडिलांनी हात जोडले. मी मात्र दादाच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो. मला त्या आवाजाच्या आत शिट्टीसारखा वाजणारा श्वास ऐकू येत होता.

वर आल्यावर मी सरळ बोललो, "आबा, ही इहीर घुमतीया. दादाचा गळा न्हाई ऱ्हायला."

"तू संबळ वाजव," वडील म्हणाले. "माझा बा बी हितंच पारखायचा. गळ्यातलं तुला काय कळतंय?"

दादालाही वडिलांचंच खरं व्हायला हवं होतं.

लग्नघरी दिवेलागणीला गोंधळ मांडला. आधी एकेका गावच्या देवाला हाक मारून बोलवायचं असतं, आणि हे बोलावणं अर्ध्यावर सोडणं आम्ही फार वाईट मानतो. तीन-चार देव झाले. पुढच्या नावाला दादानं तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. मी जोरजोरात संबळ बडवत राहिलो. नवरीच्या आईनं पदर तोंडाला लावला. शेवटी वडील बोळक्या तोंडानं पुढं झाले, उरलेले देव कसेबसे बोलावले, आणि दादाकडे न बघताच म्हणाले, "दिवटी धर."

ती पेटती दिवटी आमच्यात ज्याला गाता येत नाही तो धरतो.

पुढं गाणं माझ्याकडे आलं, तरी सुपारी द्यायला आलेली माणसं आधी त्यालाच विचारायची, "गानार कोन हाय?" तो माझ्याकडे बोट दाखवायचा. मी घसा खाकरून पुढं व्हायचो, आणि ते खाकरणं दादा फार लक्ष देऊन ऐकायचा.