चकलीच्या डब्यातलं सामान : आईबरोबर डोंबिवली ते गायमुख, होडीतून

होडीत बसायला डोंबिवलीकराने कोकणात जायची काही गरज नाही, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्या ऑफिसात प्रसाद नावाचा एक पक्षीवेडा आहे. जानेवारीत त्याने ग्रुपवर मेसेज टाकला : रविवारी सकाळी सात वाजता मोठागावच्या रेतीबंदरावरून होडी, खाडीतून थेट घोडबंदर रोडवरच्या गायमुखपर्यंत, दहा जण, माणशी नऊशे, खाणं आपापलं. मी तिथल्या तिथे दोन जागा धरल्या. दुसरी आईसाठी, तिला न विचारता.

विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती. आई सदुसष्ट वर्षांची, सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होती. गेली दोन वर्षं तिला शिंक आली, हसू आलं, जिना चढला की लघवी थोडी सुटते. डॉक्टर झाले, व्यायाम झाले, थोडा फरकही पडला. डायपर पँट घालते, पण फक्त घरात. ते घालून बाहेर जायची तिला लाज वाटते आणि न घालता जायची भीती. त्यामुळे रविवारचं विहारात जाणं बंद, मैत्रिणींकडे जाणं बंद. कल्याणला मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नात तर जेवायच्या आधीच उठून घरी आली. जिने अर्ध्या ठाण्याच्या पेशंटांचे डायपर हसतखेळत बदलले, ती स्वतःच्या डायपरला 'ते' म्हणते.

"होडीत संडास आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मीपण नाही."

तीन दिवस मी तिच्यामागे भुणभुण लावली. चौथ्या दिवशी ती कांदा चिरता चिरता म्हणाली, "येते. पण संगीता, हे शेवटचं. तिथे माझी फजिती झाली, तर पुन्हा मला कुठे चल म्हणायचं नाही. कधीच." ती हे रागाने म्हणाली नव्हती. तिने ठरवून टाकलं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

आता सामान. छोट्या होडीने जाणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. सनस्क्रीन क्रीमचं घ्या, स्प्रेचं नको. वाऱ्यावर अर्धा स्प्रे शेजाऱ्याच्या चहात जातो. पावडर आणू नका, खाडीच्या दमट हवेत मानेवर तिचा लगदा होतो. ओठांना लावायला साधं तूप चालतं. डासांचं क्रीम हवंच, तिवरांच्या झाडीजवळून जाताना त्याची किंमत कळते. अत्तर-बित्तर घरी ठेवा, खाडीच्या वासापुढे कुठलंही अत्तर टिकत नाही. ओले टिश्यू, जुनी वर्तमानपत्रं, काळ्या पिशव्या आणि एक जाड चादर. आणि माझ्या आईसारखी अडचण असेल, तर चिकटपट्टीवाले डायपर नकोत, त्यांना आडवं पडावं लागतं. चड्डीसारखे घालायचे मिळतात ते घ्या. काढताना दोन्ही बाजू फाडायच्या, गुंडाळायचं, कागदात, मग काळ्या पिशवीत, आणि पिशवी घरी आणायची. खाडीत आधीच काय कमी आहे?

ही सगळी अक्कल आईची. फक्त एक गोष्ट तिने मला न सांगता केली. डायपरचं पाकीट पिशवीत कुणाला दिसेल म्हणून तिने चार पँट काढून एका मोठ्या डब्यात भरल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. डब्यावर तिच्याच अक्षरात, दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं : चकली.

पहाटे स्टेशनच्या पश्चिमेकडून रेतीबंदरला रिक्षा सहज मिळते. होडी लाकडी, मागे इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर. होडीवाले जनूदादा मोठागावचेच, एके काळी याच होडीतून रेती काढायचे. आईला हात देऊन त्यांनी आत घेतलं. "बस आये, मधी बस. मधी पानी उडत नाय." ओहोटी लागली होती, त्यामुळे होडी आपसूक पाण्याबरोबर निघाली. माणकोलीचा नवा पूल डोक्यावरून गेला. ज्या पुलावरून मी शंभर वेळा घाईत गेले असेन, त्याच्या खाली इतकी शांतता असते हे माहीत नव्हतं.

पुढे डाव्या हाताला मुंब्र्याचा डोंगर येतो आणि खाडी रुंद होते. चिखल उघडा पडला की पक्षी उतरतात. प्रसाद एकेकाची नावं सांगत होता : शराटी, तुतवार, पाणकावळे. कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा, मोठा थवा होडीमागे लागला, तेव्हा सगळ्यांनी फोन वर धरले. वास आहे, प्लास्टिकही आहे, ते लपवून मी तुम्हाला फसवणार नाही. पण हिवाळ्यातल्या सकाळी या खाडीवर ऊन पडतं ते एकदा बघाच.

आई मात्र बघत नव्हती. मांडीवर पिशवी घट्ट धरून, ओठ मिटून बसलेली. पाण्याची बाटली पुढे केली तर मानेने नाही म्हणाली. तिच्या शेजारी कळव्याच्या शालिनीताई होत्या, सत्तरीच्या, नीट चापूनचोपून साडी, प्रसादच्या आत्या. त्यांनीही पाणी नको म्हटलं. मला वाटलं, थंडी आहे म्हणून.

काशेलीचा पूल गेल्यावर जनूदादांनी इंजिन बंद केलं आणि नाश्ता निघाला. मराठी माणसांच्या सहलीचा एक अलिखित कायदा आहे : आणलेला प्रत्येक डबा उघडलाच पाहिजे, आणि तो सगळ्यांत फिरलाच पाहिजे. अळूवड्या आल्या, इडल्या आल्या, आईने केलेली बोंबलाची चटणी आणि भाकरी तर दोन मिनिटांत संपली. चटणीच्या कौतुकाने आई पहिल्यांदा जरा सैल बसली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अहो मावशी, चकल्या कुणासाठी लपवून ठेवल्यात?" आणि शालिनीताईंनी, शेजारीच बसल्या होत्या म्हणून, आईच्या पिशवीतून डोकावणारा डबा उचलून झाकण उघडलं.

आतल्या पँटच्या घड्या मलाही तेव्हाच दिसल्या. आईने माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली. "संगीता, मला उतरव," ती कुजबुजली. चारी बाजूंना पाणी होतं.

शालिनीताईंनी डब्यात पाहिलं. एक क्षण, फार तर दोन. मग झाकण लावलं, दाबून लावलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नरम पडल्यात. कुणी खाऊ नका, घसा धरेल." डबा आईच्या मांडीवर ठेवला आणि प्रसादला विचारलं, "तो लांब चोचीचा कोण रे?" सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले. पण आईची मान खाली ती खालीच. गेली ही सहल, मी मनात म्हटलं, आणि पुढच्या सगळ्याही गेल्या.

पंधरा मिनिटांनी, इंजिन पुन्हा सुरू झाल्यावर, शालिनीताई आईच्या कानाशी वाकल्या. मी पलीकडेच होते, मला सगळं ऐकू आलं.

"एक मला देता का? मी काल संध्याकाळपासून पाणी प्यायलेली नाही. कुठे जायचं असलं की मी असंच करते. आता चक्कर येतेय, पण प्यायले तर गायमुखपर्यंत दम निघणार नाही."

आईने मान वर केली. त्यांच्याकडे पाहिलं ते माझ्या आईने नाही, वॉर्डातल्या सिस्टरने. जीभ दाखवायला लावली, नाडी धरली. "काल संध्याकाळपासून? वेड्या आहात का? चला मागे."

मागच्या बाजूला ताडपत्रीचा कोपरा होता. जनूदादांना काही सांगावं लागलं नाही. "आमच्या बायका दिवस दिवस होडीवर असायच्या. आमी पुढं बघतांव," म्हणाले आणि त्यांनी पाठ केली. मी चादर धरून उभी. आतून आईचा आवाज येत होता, दवाखान्यातला, मी लहानपणी ऐकलेला. "साडी वर घ्या, कंबरेत खोचा. माझ्या खांद्यावर हात. डावा पाय आधी. लाजता काय, मीपण घातलंय." मग दोघी हसल्या. आई हसली, पोट धरून हसली, आणि हसताना तिने स्वतःला आवरलं नाही. तिचीही बदलायची वेळ झालीच होती, तेही उरकलं. एकूण चार मिनिटं लागली असतील.

बाहेर आल्यावर शालिनीताई एका दमात अर्धी बाटली प्यायल्या. "सिस्टर, किती वर्षांनी प्रवासात पाणी प्यायले," त्या म्हणाल्या. उरलेली अर्धी आईने संपवली. मग कोलशेतपासून गायमुखपर्यंत दोघी पुढे जाऊन बसल्या, वारा लागतो तिथे. पक्षी त्यांनी किती पाहिले कोण जाणे, बोलणं मात्र क्षणभर थांबलं नाही.

गायमुखला पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, रबरी तळव्याची चप्पल घाला. वर जेट्टीवर स्वच्छतागृह आहे. तिथून ठाण्याला बस मिळते. आम्ही टॅक्सी केली, शालिनीताईंना कळव्याला सोडून डोंबिवलीला आलो. होडीने साडेतीन तास लागले, टॅक्सीने पावणेतीन. घोडबंदर रोडवर ज्यांचं रोजचं जाणं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

घरी आल्यावर माझ्याकडे काय उरलं? दोनशे फोटो, भाजलेलं नाक, आणि एक हळहळ. माझ्या आईला दोन वर्षं जे हवं होतं ते मी तिला समजावण्यातून देऊ शकले नाही. तिला समजावणारी नको होती, तिच्याकडे कुणीतरी मदत मागायला हवी होती. एवढी साधी गोष्ट मला खाडीच्या मध्यावर जाऊन कळली.

पंधरा दिवसांनी आई फोन हातात घेऊन माझ्याकडे आली. "मुरुडची एस.टी. बघ. बायकांना अर्धं तिकीट आहे ना? जंजिऱ्याला शिडाच्या होडीने जातात म्हणे. दोन तिकिटं काढ."

"शनिवारचं काढते, मला सुट्टी घ्यावी लागणार नाही."

"तुझं नको गं. मी आणि शालिनीताई."

मी काहीतरी बोलणार होते. आईने माझ्या गालावर हात ठेवला. "रागावू नकोस. तू सोबत असलीस की मी पेशंट असते."

लागलं ते. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. मग मी बुकिंगचं पान उघडलं आणि खिडकीजवळच्या दोन जागा धरल्या.