जावयाच्या मागावर

माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न एका इंग्रज म्हाताऱ्यामुळे मोडायला आलं होतं. त्या म्हाताऱ्याला याची काही कल्पना नाही. तो तिकडे विलायतेत, टीव्हीवरच्या मालिकेत असतो.

झालं असं, की निवृत्त झाल्यापासून मला स्वस्थ बसवत नव्हतं. आयुष्यभर टेलिफोन खात्यात लोकांच्या तक्रारी ऐकल्या आणि एकदम कुणी तक्रारच करेना. डबे घासून झाले, माळा आवरून झाला, आवरलेला माळा परत खाली काढून झाला. शेवटी माझी मुलगी केतकी हिनं ती मालिका लावून दिली. "आई, हे बघ आणि जरा एका जागी बस. प्लीज."

मालिकेत एक पेन्शनीत निघालेला पोलीस इन्स्पेक्टर होता. लांब कोट घालून खासगी गुप्तहेराची कामं करायचा. बोलायचा कमी. खिडकीबाहेर बघायचा, थंड झालेला चहा प्यायचा आणि गुन्हेगार सापडायचा. (थंड चहा मला जमला नाही, पण बाकीचं जमेलसं वाटलं.) त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं. खाली अक्षरं यायची, ती वाचेपर्यंत पुढचा खून झालेला असायचा. पण आठवड्याभरात माझी नजर अशी तयार झाली की लालबागेत आमच्या बिल्डिंगचा वॉचमन जरा लवकर हसला तरी मला वाटायचं, हा काहीतरी लपवतोय.

आमचे हे गोदीतून रिटायर झालेले. शांत माणूस. त्यांना म्हटलं, "केतकीच्या समीरची नीट चौकशी केली का हो आपण?"

"केली की. साखरपुडा रविवारवर आलाय. आता कसली चौकशी?"

केली होती, हे खरं. आपल्यात लग्न ठरवताना करतात तशी गिरगावात त्यांच्या शेजारीपाजारी विचारपूस केली होती. सगळे एकच म्हणाले, मुलगा हिरा आहे. आता मालिका बघितल्यावर मला कळलं की घोडं इथंच पेंड खातंय. ज्याला सगळे चांगला म्हणतात तोच शेवटी खुनी निघतो!

आणि केतकीची गोष्ट म्हणजे, हिनं आजवर इतकी स्थळं नाकारली होती की नातेवाइकांनी स्थळं सांगणं सोडून दिलं होतं. समीर हा तिनं स्वतः पसंत केलेला पहिला मुलगा. हे फिसकटलं तर ती पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही, हे आम्ही दोघं न बोलता जाणून होतो. म्हणून तर मला घोर लागला होता.

तशात केतकी सहज बोलून गेली, "बुधवारी संध्याकाळी तो फोन उचलत नाही. काहीतरी काम असतं त्याचं."

"कसलं काम?"

"मी नाही विचारत. तुझ्यासारखी नाहीये मी."

मालिकेत जो माणूस दर आठवड्याला ठरल्या दिवशी गायब होतो त्याचा दुसरा संसार असतो. मला दरदरून घाम फुटला. यांना सांगावं, तर हे बुधवारी हास्यक्लबला जायला निघालेले. म्हटलं, जाऊ दे, हसू दे बिचाऱ्यांना. आपलं आपण बघू.

लांब कोट आमच्याकडे नव्हता. यांचा रेनकोट होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो घातला, कोरोनातला मास्क लावला, गॉगल चढवला आणि निघाले. वॉचमन म्हणाला, "काकू, तब्येत बरी आहे ना?" कोपऱ्यावरची भाजीवाली म्हणाली, "ताई, पाऊस कुठाय?" परळला समीरच्या ऑफिससमोर नारळपाण्याच्या गाडीआड उभी राहिले, तर तिथंही आमच्या खात्यातली जुनी मैत्रीण येऊन पाठीवर थाप मारून गेली. एवढ्या वेषांतरात मला फक्त मीच ओळखलं नसतं.

समीर बाहेर आला. हातात पिशवी. घड्याळात बघितलं आणि टॅक्सीत बसला. मी मागच्या टॅक्सीत उडीच मारली.

"भैया, उस टॅक्सी के पीछे."

ड्रायव्हरनं आरशात माझा अवतार बघितला. "मावशी, लफडा तो नहीं ना कोई?"

"होनेवाला जमाई है."

"अरे, फिर तो छोड़ने का नहीं," म्हणाला आणि त्यानं गाडी अशी सोडली की माझा गॉगल डोक्यावर गेला. सिग्नलला एकदा आम्ही समीरच्या टॅक्सीच्या इतके शेजारी आलो की मी सीटखाली वाकले. ड्रायव्हर मला धावतं वर्णन सांगत होता. "अभी फोन देख रहा है. अभी हँसा. मावशी, हँसा मतलब लडकी का मेसेज है." माझं रक्त नुसतं उकळत होतं.

टॅक्सी कफ परेडला मच्छीमार नगरच्या तोंडाशी थांबली. हा गिरगावातला मुलगा, ज्याच्या घरी लसूणसुद्धा जपून घालतात, हा इथं कशाला? मी अंतर राखून मागे. दोरीवर बोंबील वाळत घातलेले, त्यांच्या आडून बघितलं. एका घराचं दार उघडलं. आत बाईचा आवाज. "आलास? बस, तुझ्यासाठीच थांबलोय. गरम आहे तवर खा."

झालं! दुसरा संसार, तोही गरमगरम जेवणासकट.

त्या इंग्रजानं काय केलं असतं? तो बाहेर उभा राहून विचार करत बसला असता. मी लालबागची आहे. सरळ आत घुसले आणि ओरडले, "समीर, काय चाललंय हे!"

समीर जमिनीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात ताट, तोंडात घास. मला बघितलं आणि तो घास तसाच त्याच्या घशात गेला. समोर एक पिकल्या केसांची कोळीण हातात उलथनं घेऊन उभी. आणि ताटाच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून, एक टक्कल. ते टक्कल मी इतकी वर्षं तेल लावून सांभाळलंय. माझ्या ओळखीचं होतं.

"तुम्ही? इथं?" मी म्हटलं. "आणि हास्यक्लब?"

हे वळले. "अगं, तू रेनकोट का घातलायस?"

मग उलगडा झाला. समीर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा मी बारीक काट्यांचे पेडवे केले होते. त्याला काटे काढता येईनात, बिचारा सोलकढी-भात खाऊन उठला. मी हसत म्हटलं होतं, "आमच्याकडे जावयाला काटे काढून देत नाहीत हं." पोरानं ते मनाला लावून घेतलं. त्यानं गुपचूप यांना गाठलं, आणि यांनी आपल्या गोदीतल्या मित्राची बायको हिराबाई हिच्याकडे त्याची शिकवणी लावली. सुरमईपासून सुरुवात, मग बांगडा, आणि आज पहिल्यांदा पेडवे. साखरपुड्याच्या जेवणात मला दाखवायचं होतं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू समोर असलीस की त्याच्या घशाखाली भातही उतरत नाही," हे म्हणाले.

तेवढ्यात हिराबाई ओरडली, "अगो बाय, त्याला बघा आधी!"

समीर लाल झाला होता. गळा धरून नुसता हातवारे करत होता. काटा अडकला होता. हिराबाईनं भाताचे गोळे गिळायला लावले, मी केळं कोंबलं, यांनी पाठीत गुद्दे घातले. काटा काही हलेना. शेवटी त्याला उचलून टॅक्सीत घातलं. (तोच ड्रायव्हर. शेवट काय होतो ते बघायला थांबला होता.) "जमाई ने कबूल किया क्या?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "इस्पितळ चलो."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. समीरच्या तोंडात बॅटरी मारत त्यांनी विचारलं, "काटा कसा अडकला?" त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं हात उचलला आणि बोट माझ्याकडे केलं. खोटं नव्हतं, त्यामुळे मी मास्क आणखी वर ओढला.

यांनी फोन केला होता, त्यामुळे काटा निघेपर्यंत केतकी येऊन पोहोचली आणि तिच्या मागोमाग समीरची आई, मेधाताई. यांनी दोघींना खरं ते सगळं सांगून टाकलं. शांत माणसांचं हेच वाईट, त्यांना धड एक थाप मारता येत नाही. केतकीनं माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तरी चाललं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तू त्याचा पाठलाग केलास? रविवारी साखरपुडा आहे माझा." तिचे डोळे भरून आले होते. रेनकोटच्या आत मी घामानं निथळत होते आणि पहिल्यांदाच खरी घाबरले. संसार मोडायला दुसरी बाई लागतेच असं नाही, आई पुरते.

मेधाताई बाकावर बसल्या. पर्समधून रुमाल काढून त्यांनी शांतपणे कपाळ टिपलं.

"तो मासे खातो ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मुलगा आहे माझा. त्याबद्दल काही नाही. पण माझ्या मुलाबद्दल तुम्हाला काही विचारायचं होतं, तर मला विचारायचंत."

मी मान खाली घातली.

"आता मला एक विचारायचंय. लग्न करायचं की नाही, ते मी त्यावर ठरवणार." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मास्क, गॉगल, रेनकोट, सगळं. मग यांच्याकडे वळल्या. "तुमच्या घरात असं आणखी कोण कोण आहे?"

केतकीनं वडिलांचा हात घट्ट धरला.

"नाही हो," हे घाईघाईनं म्हणाले. "शप्पथ. ही एकटीच."

मेधाताईंनी क्षणभर विचार केला आणि रुमाल पर्समध्ये ठेवला. "मग ठीक आहे. एक चालेल."

रविवारी साखरपुडा झाला.