मालतीताईंचा न झालेला साकव

वर्तमानपत्रात छापलेली एक चूक पुसायला माणसाचं किती आयुष्य लागावं, सांगू शकाल? मालतीताईंचं उरलेलं सगळं गेलं, तरी ती पुसली नाही. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला, "आई गेली…" आणि मला आधी आठवला तो साकव.

नाशिकच्या आमच्या दैनिकातल्या त्या पहिल्या महिला वार्ताहर. नव्वदच्या दशकात बायकांनी पाककृतींची पुरवणी सांभाळावी अशी रीत होती, तेव्हा ताई जीपच्या मागच्या फळीवर बसून सुरगाण्याकडे जायच्या. तिथल्या उंबरओहोळ पाड्याचा ओढा पावसाळ्यात चढला की अडलेल्या बाईला दवाखाना गाठता यायचा नाही. पायी ओलांडण्यापुरता छोटा पूल, म्हणजे साकव, हवा म्हणून ताईंनी वर्षभर लिहिलं. अखेर तो मंजूर झाला. बातमी ताईंची, मथळा माझा. मी नुकतीच उपसंपादक म्हणून लागले होते. वडील कामगारांची पत्रकं काढायचे, त्यांच्या घड्या घालत मी वाढले. पत्रकात मागणी मान्य झाली की विजय झालेलाच असतो! मी ठोकून दिलं : 'उंबरओहोळला अखेर साकव झाला!'

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. तो कुणी वाचला नाही. मथळ्याचं कात्रण मात्र सरकारी फायलीत लागलं आणि काम पूर्ण म्हणून फाईल बंद झाली.

ताई माझ्यावर ओरडल्या नाहीत. "पोरी, बातमीवर नाव माझं आहे," एवढंच म्हणाल्या. त्या पावसाळ्यात पाड्यावरची एक बाळंतीण ओढ्याकाठीच गेली. तिची सासू ताईंना म्हणाली, "तुज्या कागदावरच्या साकवावरून कागदाची बाई जाईल. आमी कुठून जावं?" महिन्याभरात नोकरी सोडून त्यांनी जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा अर्ज भरला. लोक म्हणाले, "आता बाईंना खुर्ची हवी." हवी होतीच… ती फाईल उघडायला.

खुल्या जागेवरून निवडून आलेली आमच्या भागातली ती पहिली बाई. पाच वर्षं प्रत्येक सभेत त्या हाच विषय काढत. उभ्या राहिल्या की मागून कुणीतरी ओरडायचं, "आला रे, साकव आला!" एकदा मी त्यांच्यासोबत बांधकाम कार्यालयात गेले. अधिकाऱ्यानं पिवळं पडलेलं कात्रण पुढे सरकवलं.

"ताई, पेपर तुमचा, नाव तुमचं. आम्ही खोटं कुणाला म्हणायचं?"

"मला म्हणा," ताई म्हणाल्या, "आणि तसं लिहून द्या."

तो नुसता हसला. मथळा माझा होता, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर ताईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. मी गप्प बसले. अन्यायाविरुद्ध रोज लिहिणारी मी…

पुढची निवडणूक त्या हरल्या. इंदिरानगरच्या घरी शेवटची भेट झाली तेव्हा आवाज खोल गेला होता. "तुझी नोकरी जाईल म्हणून अडवत होते गं. माझं चुकलंच. आता लिही."

लिहिलं, ताई. पण माझ्या एकटीच्या कबुलीनं काय होणार? उंबरओहोळला आजही साकव नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे : हा लेख कापा, कडेला 'साकव झालेला नाही' एवढं आपल्या हातानं लिहा, सही करा आणि पावसाळ्याच्या आत बांधकाम कार्यालयाला पाठवा. कात्रणावर त्यांचा फार विश्वास आहे.