दाब, धर, सोड

गॅरेज बंद केलं तेव्हा पाने, जॅक, जुने ड्रम सगळं एका टेम्पोत बसलं. किस्से मात्र माझ्याकडेच राहिले. कोणी चहाला आलं की एकेक आठवतो. आमचे हे मिस्त्री होते. औंढ्याच्या रस्त्यावर गॅरेज, मागच्या खोलीत घर. यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. या गोष्टी मोबाइल यायच्या आधीच्या.

*

ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पायडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली झोपून चाकाजवळचा नट सोडायचा. एकदा यांचा जोडीदार गावाला गेला होता, म्हणून यांनी मला चुलीजवळून हाक मारली. हाताला पीठ तसंच, मी अनवाणी सीटवर चढले.

"दाब म्हणलं की दाबायचं, धर म्हणलं की धरायचं. सोड म्हणेपर्यंत सोडायचं न्हाई."

हे 'धर' म्हणाले, तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. मी पाय काढला. हवा परत नळीत.

खालून शांत आवाज आला, "दूध गेलं का राहिलं?"

"गेलं."

"मंग आता निवांत बस. पुन्हा पहिल्यापासून करू."

*

देविदासभाऊ तांड्यावरचे. त्यांची जुनी पिकअप कापूस, सोयाबीन, माणसं, सगळं वाहायची. एकदा म्हणाले, "मिस्त्री, ब्रेक मारला की गाडी धाब्याकडं ओढून राहिली." कनेरगाव नाक्यावरच्या धाब्यावर त्यांची रोजची बैठक.

"वाशिमला जाताना धाबा डावीकडं. येताना कुठं ओढते?"

"येताना बी डावीकडंच."

"मंग दोष गाडीचा हाय, तुमचा न्हाई."

यांनी गाडी थोडी पळवून आणली आणि पुढच्या चाकांना हात लावला. डावं तापलेलं, उजवं गार. उजवा ब्रेक लागतच नव्हता.

*

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गाडीचं ब्रेक ऑइल रोज कमी व्हायला लागलं. यांनी चारी चाकं खोलली, नळ्या पुसल्या. कुठं थेंब नाही. पायडलवर मीच होते. म्हटलं, "माझ्या तळपायाला चिकट लागून राहिलं."

हे आत वाकले. ऑइल पायडलच्या दांड्यावरून झिरपत होतं. देविदासभाऊंच्या पायात चप्पल, म्हणून त्यांना कळलं नव्हतं.

तेव्हापासून कुठलीही गाडी आली की हे आधी मला बसवायचे. "कसा लागतो?"

"भिजल्या कणकेसारखा."

"हवा हाय."

हिंगोलीहून आलेले एक साहेब बराच वेळ हे ऐकत उभे होते. शेवटी म्हणाले, "मिस्त्री, तुमी ब्रेक करून राहिले का सैपाक?"

*

देविदासभाऊंच्या पुतण्याचं लग्न होतं. वऱ्हाड घेऊन निघालेली पिकअप पाणी घालायला गॅरेजसमोर थांबली. मागं बायका गाणी म्हणत होत्या. गाडी थांबायला हवी त्याच्या चार हात पुढं जाऊन थांबली, हे यांनी पाहिलं. जाऊन चावीच काढून घेतली.

"मिस्त्री, मुहूर्त हाय. चावी द्या."

"माणसं उतरवा, मंग देतो."

देविदासभाऊ तापले. यांनी मला सीटवर बसवलं आणि त्यांना चाकाशी वाकायला लावलं. मी पायडल दाबलं तशी ब्रेकची रबरी नळी बेडकाच्या गळ्यासारखी फुगली, आता फुटते का मग. देविदासभाऊ उठून मागं गेले. एकेका बाईला हात देऊन स्वतःच खाली उतरवू लागले.

वऱ्हाड ट्रॅक्टरनं गेलं, मुहूर्त टळला. नवरदेवाची आई वर्षभर यांच्याशी बोलली नाही. यांना वाईट वाटायचं. पण चावी द्यायला हवी होती, असं हे कधी म्हणाले नाहीत.

*

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आम्ही दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. सिद्धेश्वरचं धरण एवढं जवळ, तेही मी पाहिलं नव्हतं. एका दुपारी देविदासभाऊंच्या पिकअपचं काम संपवून हे म्हणाले, "चल, उतारावर ब्रेक बघून येऊ." एरवी एकटेच जायचे.

उतारावर यांनी ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. पुढं जाऊन पुन्हा मारला. तिसऱ्यांदा थांबवली ती पाणी दिसतं तिथं, बाभळीच्या सावलीत. इंजिन बंद केलं. लांब एक जण होडीतून जाळं टाकत होता. आम्ही बघत बसलो.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "ब्रेक तर पहिल्याच बारीला लागला. इथं काहून थांबलो?"

"घरी काही घाई हाय का?"

"न्हाई."

"मंग बस की."

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. देविदासभाऊ गॅरेजच्या दारात ताटकळले होते.

"एवढा येळ? मोठा दोष निघाला का, मिस्त्री?"

"व्हय," हे म्हणाले. "उद्या बी एकदा धरणावर न्यावी लागंल."