झेड ड्राइव्हवरचे आम्ही

रोज एकत्र काम करणाऱ्यांचे किस्से साठतच जातात. आमचे तर सगळे एका फोल्डरभोवतीच साठलेत. चिखलीत आमचं डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवायचं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग सगळी सर्व्हरवर असतात, पण प्रत्येकाला ती आपल्याच कॉम्प्युटरवर असल्यासारखी दिसतात, झेड ड्राइव्ह या नावानं.

झेड सुरू झाला त्या पहिल्या दिवशी मी हे नानांना समजावत होतो. नाना म्हणजे आमचे मालक, मूळचे चऱ्होलीचे.

"ही फाईल माझ्या कॉम्प्युटरवर हाय का न्हाई?"

"दिसते इथं, असते सर्व्हरवर. सगळे तीच उघडतात."

"आन् मी पुसली तर?"

"सगळ्यांचीच जाते, नाना."

नानांनी बटण दाबलं. बाहेरून आमचा डिझायनर जाधव ओरडला, "अरे, माझं ड्रॉइंग कुठं गेलं?"

"खरं बोलतोय रं हा," नाना म्हणाले.

*

एकदा हाच जाधव गिऱ्हाइकाला ड्रॉइंग दाखवायला चाकणला निघाला. घाईत त्यानं पेन ड्राइव्हवर फाईलऐवजी तिचा नुसता शॉर्टकट घेतला. ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन पोचला, तिथल्या लॅपटॉपला लावलं, तर काहीच उघडेना. तिथले साहेब स्क्रीनकडे बघून म्हणाले, "जाधव, तुम्ही नुसता पत्ता आणलाय. घर चिखलीतच राहिलं."

*

झेडवरची फाईल एकानं उघडी ठेवली की दुसऱ्याला तिच्यात बदल करता येत नाही. जाधव स्वतःच्या लग्नाला लातूरला गेला, तो नेमकी अर्जंट कामाची फाईल उघडी ठेवून. संध्याकाळी माल जायचा होता. एक माप बदलून मिळेना म्हणून आमचे मशीनवाले सलीमभाई हात बांधून उभे. शेवटी मी फोन लावला.

"भावा, तुझा कॉम्प्युटर उघडायचाय. पासवर्ड सांग."

"आत्ता नको राव," तो कुजबुजला. "सगळे शेजारी बसलेत."

"सलीमभाई खोळंबलेत."

मग हळूच, "अश्विनी. स्मॉल लेटरमध्ये."

तिकडून बायकांचा आवाज आला, "नाव घेतलं, पण उखाणा कुठाय?"

*

यंदा सलीमभाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. आम्ही शुद्धलेखन बघावं म्हणून त्यांनी मराठी पत्रिका झेडवर ठेवली होती. ऐन वेळी हॉलवाल्याचं परवानगीचं काहीतरी निघालं आणि बुकिंग रद्द झालं. दुसरा हॉल मिळेना. सलीमभाईंनी पत्रिकेतली हॉलची ओळ पुसली आणि मशीनवर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रिका उघडली, तर मोकळ्या ओळीत लिहिलेलं होतं, "नानांच्या घरासमोरचं अंगण, चऱ्होली."

"ये किसने लिखा?" सलीमभाईंनी मला विचारलं.

मी फाईलची माहिती उघडली. शेवटचा बदल नानांच्या कॉम्प्युटरवरून झाला होता.

ते नानांच्या केबिनकडे गेले. नाना पाठमोरे, फोनवर मांडववाल्याशी बोलत होते. "व्हय, मोठाच लागंल. पोरगी आमचीच हाय."

सलीमभाई दारातूनच परत फिरले. खुर्चीत बसून त्यांनी चष्मा पुसला. मग पत्रिकेत "निमंत्रक"च्या खाली, स्वतःच्या नावाच्या वर, नानांचं नाव टाईप केलं आणि सेव्ह दाबलं.