बुडाला लागलेली स्कॉच

माझ्या धाकट्या बहिणीच्या सगाईसाठी मी स्कॉच व्हिस्की घेतली होती, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसोत बापडे. माझा जीव तेव्हा टांगणीला लागला होता.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. मी राजूरच्या कोळसा खाणीत वजनकाट्यावर कारकून होतो, आणि आमचा बंजाऱ्यांचा तांडा राळेगावच्या बाजूला. आज्यापर्यंत सगळे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालणारे. बापानं नांगर धरला, मी टाक. आमच्यात सगाई पक्की होते ती गूळ वाटून आणि दारूची वाटी फिरवून. आमच्या घराची रीत अशी, की मुलीच्या भावानं वाटी भरायची आणि ‘आमच्या घरची’ म्हणून ती मुलाकडच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला द्यायची. तो प्याला की सोयरीक जुळली. त्यानं वाटी खाली ठेवली, तर पाहुणे न जेवता उठतात. बहिणीची एक सोयरीक आधीच फिसकटली होती. त्यात हा मुलगा तिला मनापासून आवडलेला.

पण दारूबंदी होती. याडी, म्हणजे माझी आई, मोहाची अशी काढायची की दूरदूरच्या तांड्यांत तिचं नाव होतं. ती काढणं हाच आता गुन्हा झाला होता. शेजारच्या तांड्यावर धाड पडली तेव्हापासून मी तिला भट्टी लावू देत नव्हतो. घरात बाटली सापडली असती तर माझ्या नोकरीवर पाणी पडलं असतं. आणि कायद्याची गंमत पाहा. डॉक्टरचा कागद जोडून परमिट काढलं, की विलायती प्यायला सरकारची ना नव्हती. बांधावरच्या मोहाची ती चोरटी आणि सातासमुद्रापलीकडची ती सोवळी! मला याचा संताप यायचा, अजूनही येतो. तरी मी निमूटपणे परमिट काढलं. कारण येणाऱ्या पाहुण्यांत मुलाचा काका होता, आणि तो त्यांच्या गावचा पोलीस पाटील होता.

त्याच सुमारास खाणीचे इंजिनियर साहेब बदलून चालले होते. त्यांच्या कपाटात निरनिराळ्या स्कॉच होत्या. मी अडचण सांगितली तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, पहिल्यांदाच.

‘‘लेबल बघू नकोस,’’ ते म्हणाले, ‘‘जिभेला विचार.’’

पहिली मधासारखी गोडसर. ती महाग. दुसरीला मनुकांचा वास, तीही माझ्या पगाराला झेपणारी नव्हती. तिसरीचा घोट घेतला आणि मी थबकलोच. धूर! नाल्याकाठी भट्टीपाशी बसलेली याडी डोळ्यांसमोर उभी राहिली.

‘‘ही इथं कुणालाच आवडत नाही,’’ साहेब म्हणाले, आणि तिची न फोडलेली बाटली पडत्या भावात देऊन टाकली. स्वस्त, कायद्यातली, आणि आपल्या माणसांच्या चवीची. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं माझं.

तरी चैन नव्हतं. एसटीत ट्रंक मांडीवर घेऊन बसलो आणि दर थांब्यावर खिशातलं परमिट चाचपत राहिलो. घरी पोचल्यावर बाटली आधी कोठीत ठेवली, मग बाजेखाली, मग पुन्हा कोठीत. याडी म्हणाली, ‘‘मांजरीवानी काहून फिरून राह्यला?’’ (घरात आम्ही गोरबोली बोलतो, इथं वऱ्हाडीत सांगतो.)

पाहुणे दुपारी आले. मुलाचा आजा मधोमध बसला, शेजारी पोलीस पाटील. मी वाटी भरली आणि म्हणालो, ‘‘परमिटची हाये.’’

आज्यानं वाटी घेतली. वास घेतला. एक थेंब जिभेवर ठेवला, आणि वाटी खाली ठेवली.

‘‘हे तं बुडाले लागली हाये.’’

‘‘बाबा, विलायती हाये. तिचा वासच तसा असते,’’ मी म्हणालो.

‘‘विलायतेत लोक भट्टीपाशी झोपतेत काय? जाळ जास्त झाला, आंबवलेला सडवा करपला, धूर आत उतरला. कोनं काढली हे?’’

तिथंच मला कळलं. मला आठवणारा धूर याडीच्या ओढणीला असायचा, केसांना असायचा. तिच्या दारूत तो कधीच नव्हता. तेच तर तिचं कसब होतं, आणि पोटचा पोरगा असून मला ते ठाऊक नव्हतं.

पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी पागोटं उचललं. दाराआड बहीण चौकट घट्ट धरून उभी होती.

तेवढ्यात याडी उठली. गोठ्यात गेली, कडब्याच्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि चिंधीचं बूच लावलेली बाटली आणून माझ्यापुढं ठेवली. मला न सांगता तिनं ती केव्हा काढली होती, देव जाणे.

‘‘भर,’’ ती म्हणाली.

सगळ्यांनी पोलीस पाटलाकडे पाहिलं. तो बैलांकडे पाहत होता. मी वाटी भरली, अर्धी पायावर सांडली. आज्यानं हात पुढं केला, पण वाटी धरली नाही.

‘‘कुठची?’’

खाण, पगार, धाड, सगळं एकदम डोक्यात गरगरलं. मी ‘आमच्या घरची’ असं पुटपुटलो.

‘‘मले कमी ऐकू येते,’’ आजा म्हणाला.

मी दाराकडे पाहिलं. मग असा ओरडलो की गोठ्यातली जनावरं दचकली. ‘‘आमच्या घरची! माह्या याडीनं काढली!’’

आजा प्याला. उरलेली वाटी त्यानं शेजारी दिली. पोलीस पाटलानं ती तळापर्यंत रिकामी केली, मिशा पुसल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

‘‘धूर नाही,’’ तो म्हणाला, आणि गुळाचं ताट मागितलं.