माझा एकच प्रश्न

मंडळाने पॉडकास्ट करायचं ठरवलं आणि मुलाखती घ्यायला माणूस शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काशीत मराठी समाज कसा उभा राहिला, हे जुन्या लोकांकडून वदवून घ्यायचं होतं. आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातली तरुण मंडळी हुशार, पण दोन वाक्यांनंतर हिंदीत जाणारी. शिवाय कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, हे त्यांना पाठ. अवघड प्रश्न ती टाळणार. मला तर एक प्रश्न विचारायलाच माणूस हवा होता.

बऱ्याच वर्षांपूर्वी, आमचा गणपती बसतो ते सभागृह मालक हॉटेलवाल्याला द्यायला निघाला होता. सहा महिने त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी ते सोडवलं. भांडलो, त्याचाच चहा प्यालो, पुन्हा भांडलो. नंतर दारावर दगडी पाटी लागली. तिच्यावर तेव्हाच्या अध्यक्षांचं, अण्णांचं नाव, खाली ‘समस्त समाज’. साड्यांची खोकी विकून वर आलेल्या माझ्यासारख्याचं नाव दगडावर कशाला! तेव्हापासून मी अण्णांच्या घरी गेलो नव्हतो.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून लातूरहून आलेली एक शिक्षिका मंडळाच्या तिळगुळाला भेटली. वाटी हातात घेऊन तिने मला ओळीने सात-आठ गोष्टी विचारल्या. मी तिथेच तिला धरली.

“काका, पैसे नकोत. पण प्रश्न माझे.”

“दहातले पाच माझे.”

“एकही नाही.”

“बरं, तीन.”

“भाजी घेताय का?”

शेवटी एकावर ठरलं. सौद्यात इतका खाली मी कधी आलो नव्हतो.

पहिली मुलाखत अण्णांचीच ठेवली. भोसले घाटाजवळच्या घराचे जिने आता मलाच जड जात होते, आणि वर अण्णा उशीला टेकून बसलेले, अगदी वाळून गेलेले. मी गप्प बसायचं कबूल केलं होतं. तिने त्यांना छान बोलतं केलं. मग माझा प्रश्न आला : सभागृह कोणी वाचवलं?

“समाजाने. सगळ्यांनी मिळून.”

“सगळे म्हणजे कोण?” मी ओरडलो. “त्या पायरीवर माझ्या शेजारी कोण बसलं होतं, सांगा ना!”

अण्णांनी उशीवरून मान उचलली.

“तूच वाचवलंस रे. कोण मना करतंय? तुझं नाव नको, हे मीच म्हणालो होतो. गलती झाली. पण तू भांडून गेलास तो फिरकलाच नाहीस.”

मी माइककडे पाहिलं. लाल दिवा विझलेला. माझ्या पहिल्या ओरडण्यालाच तिने रेकॉर्डिंग बंद केलं होतं.

“मोठी माणसं भांडायला लागली की आमच्याकडे आपण उठून जातो,” ती ओशाळून म्हणाली. “उठता येईना, म्हणून हे बंद केलं.”

“अण्णा, पुन्हा एकदा म्हणाल?”

“एकदा म्हटलं ना. आता थकलो.” त्यांनी डोळे मिटले.

सुनेने आणलेला चहा मी प्यालो. तो गार होता की गरम, आठवत नाही. इतकी वर्षं ज्यासाठी जीव जाळला ते ऐकून झालं होतं, आणि मला फक्त घरी जाऊन पडावंसं वाटत होतं.

जिना उतरताना ती म्हणाली, “काका, पुढच्या मुलाखतीला तुम्ही बाहेर बसायचं.”

मी हो म्हणालो. घासाघीस केली नाही.